मिडसमरच्या रात्री काळ्या कुत्र्याच्या कथा कशा वाचाव्यात

इंग्लंडमध्ये २३ जूनच्या रात्री, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या पूर्वसंध्येला, भयकथांची बैठक भरवायची असेल, तर लोककथांतल्या भुताटकीच्या काळ्या कुत्र्यासारखा विषय नाही. मात्र वाचनाचा क्रम विचारपूर्वक ठरवावा लागतो. या दिवसांत लंडनला सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि संधिप्रकाश पुढेही बराच वेळ रेंगाळतो, त्यामुळे बैठक आठच्या सुमारास सुरू करून उजेड आहे तोवर लोककथा वाचाव्यात आणि शेरलॉक होम्सची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी अंधारासाठी राखून ठेवावी. कॉर्नवॉलमध्ये असाल, तर तिथल्या ओल्ड कॉर्नवॉल सोसायट्यांनी १९२९ मध्ये पुन्हा सुरू केलेले टेकड्यांवरचे जाळ आधी पाहावेत.

सुरुवात सफोकपासून करावी. ४ ऑगस्ट १५७७ रोजी ऐन वादळात तिथल्या बंगे गावाच्या चर्चमध्ये काळा कुत्रा शिरला आणि गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या दोघांच्या माना त्याने एकाच क्षणी मुरगळल्या, असे अब्राहम फ्लेमिंगने आपल्या पुस्तिकेत लिहिले आहे. ब्लिथबर्गच्या चर्चच्या दारावर आजही जळके डाग दिसतात आणि लोक ते त्याच कुत्र्याच्या नखांचे मानतात. या कुत्र्याला आज दिले जाणारे ‘ब्लॅक शक’ हे नाव मात्र फ्लेमिंगच्या पुस्तिकेत कुठेही नाही; ते पुढे या घटनेला चिकटले, हे श्रोत्यांना आवर्जून सांगावे.

त्यानंतर आइल ऑफ मॅनवरच्या पील किल्ल्यातला कुत्रा घ्यावा. मेणबत्त्या लागल्या की तो पहारेकऱ्यांच्या खोलीत येऊन शेकोटीजवळ पडून राही आणि शिपायांनाही त्याची सवय झाली होती. एका रात्री दारूच्या नशेत एक शिपाई किल्ल्या घेऊन एकटाच निघाला, परतला तेव्हा त्याची वाचा गेली होती आणि तीन दिवसांत तो मेला. ही कथा सावकाश वाचावी, कारण तिच्यात कुत्रा काहीच करताना दिसत नाही आणि भीती नेमकी तिथेच आहे.

यॉर्कशायरचा बारगेस्ट, म्हणजे तिथला भुताटकीचा कुत्रा, थोडक्यात आटोपला तरी चालेल, पण लिंकनशायर गाळू नये. लोककथांच्या संग्राहक एथेल रडकिन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिथल्या हकिकतींतला कुत्रा बहुधा निरुपद्रवी असतो, वाटसरूच्या सोबतीने चालतो, आणि तो आपणही पाहिल्याचे रडकिन यांनी लिहून ठेवले आहे. कादंबरी आधी वाचली, तर श्रोत्यांना प्रत्येक कुत्रा रक्तपिपासूच वाटू लागतो आणि हा सौम्य सोबती त्यांच्या हाती लागत नाही.

अंधार पडल्यावर ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ उघडावे. ऑगस्ट १९०१ पासून ‘द स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आलेल्या या कादंबरीचे केवळ दुसरे प्रकरण पुरेसे आहे, कारण त्यातले १७४२ चे हस्तलिखित डॉक्टर मॉर्टिमर होम्सला वाचूनच दाखवतो. प्रकरण पावलांच्या ठशांपाशी संपते. तिथे वाचन थांबवावे आणि होम्सने केलेला उलगडा त्या रात्री कोणी विचारला तरी सांगू नये.