बाबा त्याच कॅम्पसवर कामाला होते

2023 साली मी बारावीत होते. डिचोलीत भेटेल तो एकच विचारायचा, "बाबा बिट्समध्येच ना? मग तुला कसली काळजी?" बिट्स म्हणजे बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स. तिच्या गोव्यातल्या झुआरीनगरच्या कॅम्पसवर बाबा केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहाय्यक. पहाटेची बस धरून जाणारे. पण तिथे प्रवेश होतो तो बिटसॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. वशिला चालत नाही, हे बाबांनी मला अकरावीतच बजावलं होतं. तुमचेही आईवडील अशा ठिकाणी असतील तर लोकांना हे एकदाच सांगून मोकळे व्हा आणि अभ्यासाला लागा.

तेव्हा परीक्षा अशी होती: 130 प्रश्न, 390 गुण, तीन तास. बरोबर उत्तराला तीन, चुकलं तर एक वजा. मे आणि जून अशा दोन फेऱ्या, दोन्ही दिल्या तर चांगला स्कोअर धरतात. शिवाय बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून 75 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 60 हवेत. इंग्रजी आणि लॉजिकल रिझनिंगचे मिळून 30 प्रश्न असतात. आपल्याकडची मुलं नेमकी तीच तयारी सोडतात. मीही पहिल्या फेरीपर्यंत सोडली होती, म्हणून कळकळीने सांगते.

मग बाबा तिथे असल्याचा उपयोग काय झाला? माहितीचा, आणि तो फार मोठा. एका शनिवारी ते मला कॅम्पसवर घेऊन गेले आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी गाठ घालून दिली. स्वतः बाहेर बाकावर बसून राहिले. त्या मुलींनी ड्युअल डिग्री, म्हणजे दोन पदव्या मिळून, समजावली: एमएस्सीला प्रवेश घेतला की पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे सरासरी ग्रेडवर, जोडीला बीईची शाखा मिळते. ते ऐकून घरी आल्यावर मी पसंतीक्रम पुन्हा लिहिला. पहिल्या यादीत नुसतं गोवाच होतं, बाबा तिथे म्हणून. बाबांनीच ती खोडायला लावली. पिलानी, गोवा, हैदराबाद या तिन्ही कॅम्पसना अर्ज एकच असतो, मग पिलानी आणि हैदराबाद का सोडायचं? आधी विषय ठरव, मग गाव, असं त्यांचं म्हणणं. आज मलाही तेच पटतं.

पैशांचा हिशेब मात्र आमचा चुकला होता. मी बाबांबरोबर रोज ये-जा करीन, हॉस्टेलचा खर्च वाचेल, असं आईने धरलं होतं. पण तिथलं शिक्षण निवासी. घर कितीही जवळ असलं तरी हॉस्टेल आहेच. ऐन वेळी धावपळ नको, म्हणून गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेची चौकशी निकालाआधीच करून ठेवा. कागदपत्रांवरची नावंही तपासा. माझं आडनाव आधारवर एक आणि मार्कशीटवर वेगळ्या स्पेलिंगचं होतं, ते दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले.

दुसऱ्या फेरीच्या स्कोअरवर मला गोव्यातच केमिस्ट्री मिळालं. पहिल्या सेमिस्टरला आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी बाबा सांगून दुसऱ्या लॅबची ड्युटी घ्यायचे. दुपारी मात्र आईने दिलेला डबा आम्ही दोघं मिळून खायचो.