बासनातल्या पोथ्या ओळखाव्या कशा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरून बाबांचं लाल बासन, म्हणजे पोथ्या बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, खाली आलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, भाड्याच्या घरात हे कुठे ठेवणार? देवळाजवळच्या पिंपळाच्या पारावर ठेवून या, सगळे तिथेच ठेवतात." त्या काळजीनेच बोलत होत्या. पण पावसात भिजून लगदा झालेल्या पोथ्या मी त्या पारावर पाहिल्या होत्या. बासन घोडबंदर रोडच्या भाड्याच्या घरी नेलं आणि चार महिने रोज संध्याकाळी तासभर ते उघडून बसले. शाळेत शिकलेल्या संस्कृतपलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं, तेवढं पुरलं. असं बासन तुमच्याही घरी असेल तर हिंदू धर्मग्रंथांची ओळख तिथूनच सुरू करा.

उघडण्यासाठी कोरडा दिवस निवडा. ठाण्याच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात, तेव्हा ओढाओढ करून ती फाटतात. जमिनीवर स्वच्छ चादर घाला, पंखा बंद करा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. कसर मऊ ब्रशने झाडा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका, आत ओल कोंडते. जुनं सुती कापडच बरं.

जुन्या धाटणीच्या पोथीची पानं शिवलेली नसतात. पहिल्याच दिवशी माझ्या हातून शिवलीलामृत जिन्यात निसटलं आणि पानं दोन मजल्यांवर पसरली. मी रडकुंडीला आले. मग समासांकडे लक्ष गेलं. डाव्या समासात वर ग्रंथाचं आखूड नाव आणि आकडा होता, उजवीकडे खाली 'राम' आणि पुन्हा तोच आकडा. हा आकडा पानाच्या एकाच बाजूला असतो, म्हणून मोजताना पानं मोजा, पृष्ठं नव्हे. रात्री साडेअकरापर्यंत सगळी पोथी लागली.

आता मुख्य काम. पोथीचं पहिलं पान बहुधा झिजलेलं किंवा हरवलेलं असतं, म्हणून नाव शोधायला शेवटाकडे जा. प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस 'इति श्री' ने सुरू होणारं वाक्य असतं. त्याला पुष्पिका म्हणतात. त्यात ग्रंथ आपली ओळख स्वतः सांगतो, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या वाक्यांनी.

आई नवरात्रात वाचायची ती सप्तशती मी स्वतंत्र ग्रंथ समजत होते. पुष्पिका वाचली: 'इति श्रीमार्कण्डेयपुराणे सावर्णिके मन्वन्तरे देवीमाहात्म्ये'. म्हणजे अठरा महापुराणांपैकी मार्कंडेयपुराणातले हे तेरा अध्याय. सत्यनारायणाच्या पोथीत 'स्कन्दपुराणे रेवाखण्डे' निघालं. विष्णुसहस्रनामाखाली महाभारताच्या अनुशासनपर्वाचं नाव होतं. शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला ते सांगतात, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. रामरक्षेच्या शेवटी मात्र 'श्रीबुधकौशिकविरचितं' आहे. 'विरचित' दिसलं की कर्त्याच्या नावाने सांगितलेलं स्तोत्र किंवा काव्य समजावं. मी प्रत्येक पुष्पिका एका वहीत उतरवली आणि पुराणं, महाभारत, स्तोत्रं असे कप्पे आपोआप पडत गेले. पुस्तकात छापलेले तक्ते मी पूर्वी पाहिले होते, त्यातलं काही डोक्यात राहिलं नव्हतं. हे राहिलं, कारण प्रत्येक नावामागे घरातला एक आवाज होता.

नंतर अशी पानं शोधा ज्यांच्या अक्षरांखाली आडव्या आणि डोक्यावर उभ्या रेघा आहेत. त्या रेघा म्हणजे स्वर. खाली आडवी रेघ असेल तर अनुदात्त, वर उभी असेल तर स्वरित. हे वेदवाङ्मय, म्हणजे श्रुती. तिला अपौरुषेय, म्हणजे कुणा माणसाने न रचलेली, मानतात, म्हणून इथे 'विरचित' सापडणार नाही. सूक्तावर, म्हणजे मंत्रांच्या एका गटावर, ऋषी, देवता आणि छंद लिहिलेले असतात, आणि ऋषी मंत्राचा कर्ता नसून द्रष्टा समजला जातो. ऋग्वेदात दहा मंडलं आणि १,०२८ सूक्तं आहेत. आपल्या घरी त्यातलं मूठभर असतं. पण ती मूठ ओळखा. आरतीनंतर आपण मंत्रपुष्पांजली म्हणतो, तिचा 'यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः' हा पहिला मंत्र म्हणजे पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा आहे, दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त. गणपतीत दहा दिवस ताट हातात धरून जी मुलं ओरडून म्हणतात ती ऋग्वेद म्हणत असतात, हे त्यांना एकदा सांगाच. अथर्वशीर्षाच्या शेवटी 'इत्युपनिषत्' येतं, कारण ते अथर्ववेदाशी जोडलेलं उपनिषद मानलं जातं. रुद्र यजुर्वेदातला, घरच्या शाखेप्रमाणे तो तैत्तिरीय संहितेतला असेल किंवा शुक्ल यजुर्वेदातला.

स्वरांच्या रेघांशिवायचं संस्कृत दिसलं की सहसा रामायण, महाभारत, पुराणं, म्हणजे स्मृतीच्या, परंपरेने आठवून सांगितलेल्या ग्रंथांच्या, बाजूचं वाङ्मय. गीता इथे गोंधळात टाकते. पुष्पिकेत ती स्वतःला 'उपनिषत्सु' म्हणवते, पण आहे महाभारताच्या भीष्मपर्वातली, अठरा अध्याय आणि सातशे श्लोकांची. दोन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवा.

मराठी पोथ्या लगेच ओळखू येतात, त्या ओवीत असतात. गुरुचरित्र, श्रीधरस्वामींचं शिवलीलामृत, दासबोध, एकनाथांचं भागवत. यांना दुय्यम समजू नका. नाथांनी भागवताच्या एकट्या अकराव्या स्कंधावर केवढा ग्रंथ उभा केला! आपल्या आज्यांना शास्त्र कळलं ते याच पोथ्यांतून.

एखादी पोथी हस्तलिखित निघाली तर थांबा. काळी शाई, मध्येच लाल अक्षरं आणि कुठे कुठे पिवळा पट्टा दिसेल. चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ नावाचा पिवळा रंग लावून वर नवं लिहीत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. अशा पोथीचे फोटो काढा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय ती कुणाला देऊ नका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १,२५९ हस्तलिखितं पाहून तयार केली आणि ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्यातलं प्रत्येक हस्तलिखित कुणीतरी नीट सांभाळलं होतं.

लावून झालं की वाचायला घ्या. वेदांपासून सुरुवात करू नका. मी ऋग्वेदाचं भाषांतर घेऊन बसले आणि पहिल्या मंडलातच अडकले. गीतेचा पंधरावा अध्याय घ्या. वीसच श्लोक आहेत आणि पुष्कळ घरांत तो जेवणाआधी म्हणतात, बाबाही म्हणायचे. एका दिवशी एक श्लोक मोठ्याने म्हणा, मग त्यावरची ज्ञानेश्वरी वाचा. त्या वीस श्लोकांवर माउलींच्या सुमारे सहाशे ओव्या आहेत, त्यामुळे घाई करून चालत नाही. सार्थ प्रत घ्या, १२९० सालची मराठी आपल्याला थेट कळत नाही. शेजारी विनोबांची गीताई ठेवा. श्लोक समोर, ओवी समोर, गीताई समोर, असं तिघांना एकत्र वाचलं की अर्थ हळूहळू उलगडतो. नुसतं पारायण करू नका, अडलेला शब्द वहीत उतरवा.

पहिल्याच श्लोकात अश्वत्थ आहे, वर मुळं आणि खाली फांद्या असलेला: 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्'. 'श्व' म्हणजे उद्या. जो उद्यापर्यंत तसाच टिकेल याचा भरवसा नाही तो अश्वत्थ. वहिनींनी सांगितलेला तो पार मला हे वाचताना आठवला.

बासनात बाबांच्या अक्षरातलं एक सुटं पान होतं. त्यावर 'ऊर्ध्वमूलोऽवाक्शाखः' एवढीच ओळ होती, पुष्पिका नाही, आकडा नाही. बाबांनी पंधरावा अध्याय चुकीचा उतरवला असं मी धरून चालले आणि पान गीतेत ठेवून दिलं. सात-आठ महिन्यांनी, मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं उपनिषदांचं भाषांतर वाचताना, कठोपनिषदात नचिकेत आणि यमाचा संवाद शेवटाकडे आला आणि सहावी वल्ली, म्हणजे सहावं प्रकरण, या शब्दांनी सुरू झाली: 'ऊर्ध्वमूलोऽवाक्शाख एषोऽश्वत्थः सनातनः'. बाबांचं काही चुकलं नव्हतं. गीतेतलं झाड ज्या उपनिषदात आहे तिथपर्यंत ते पोचले होते, आणि मला कधी बोलले नव्हते.

पान गीतेतून काढून मी कठोपनिषदाच्या सहाव्या वल्लीपाशी ठेवलं आणि वहीत बाबांच्या नावाने नोंद केली.