बेलीझच्या वसाहतकाळाविषयी लिहिताना या चुका टाळा

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील बेलीझ हा सुमारे २३,००० चौरस किलोमीटरचा देश. १९७३ पर्यंत त्याचे नाव ब्रिटिश होंडुरास होते आणि २१ सप्टेंबर १९८१ रोजी तो स्वतंत्र झाला. त्याच्या इतिहासावर मराठीत लिहिताना पहिली चूक आपल्याच भाषेतून होते, कारण इंग्रजीतील ‘सेटलमेंट’ आणि ‘कॉलनी’ या दोन्ही शब्दांसाठी आपण सर्रास ‘वसाहत’ हा एकच शब्द वापरतो. इतर देशांच्या बाबतीत हे खपून जाते. बेलीझच्या बाबतीत मात्र सगळा वादच या दोन शब्दांमधल्या फरकाचा आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रज चाचे आणि लाकूडतोडे या किनाऱ्यावर राहू लागले. त्यांना ‘बेमेन’ म्हणत. १७६३ च्या पॅरिस तहाने त्यांना लॉगवुड (रंग देणारे एक झाड) तोडण्याची मुभा मिळाली, पण प्रदेशावरील सार्वभौमत्व स्पेनचेच राहिले. १७८३ च्या व्हर्साय तहाने तोडीची हद्द होंडो आणि बेलीझ या नद्यांच्या दरम्यान आखून दिली. १७८६ च्या लंडन करारात ती दक्षिणेला सिबुन नदीपर्यंत वाढली आणि महोगनीलाही परवानगी मिळाली, मात्र किल्ला बांधायचा नाही, ऊस, कॉफी किंवा कोकोचे मळे लावायचे नाहीत, अशा अटी कायम होत्या. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे, तर वहिवाट इंग्रजांची आणि मालकी स्पेनची, आणि वहिवाटसुद्धा जमिनीची नव्हे, झाडांची! ही स्थिती खुद्द लंडनलाही मान्य होती. १८१७ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या एका कायद्यात ही वस्ती राजाच्या संरक्षणाखाली असली, तरी राजाच्या राज्याचा भाग नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. रीतसर वसाहत म्हणून तिची घोषणा १८६२ मध्ये झाली. म्हणून १८६२ पूर्वीच्या घटनांसाठी ‘वस्ती’ आणि नंतरच्या घटनांसाठी ‘वसाहत’ हा शब्द वापरल्यास अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आपल्या मजकुरात हा दोष शिरला आहे का, हे पदनामांवरून चटकन तपासता येते. १७८४ ते १८६२ या काळात तेथील मुख्य ब्रिटिश अधिकारी ‘सुपरिंटेंडंट’ असे. १८६२ नंतर जमैकाच्या अखत्यारीतील लेफ्टनंट गव्हर्नर आला आणि जमैकापासून वेगळे होऊन स्वतंत्र गव्हर्नर मिळाला तो १८८४ मध्ये. तेव्हा १७९८ च्या लढाईच्या वर्णनात ‘गव्हर्नर’ आढळला, तर तो उत्तरेकडील युकातान या स्पॅनिश प्रांताचा गव्हर्नर आहे की लेखकाची चूक, हे पाहून घ्यावे.

दुसरी चूक संस्थापकाची. पीटर वॉलेस नावाच्या स्कॉटिश चाच्याने १६३८ मध्ये वस्ती वसवली आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘बेलीझ’ झाले, ही कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. तिला समकालीन पुरावा नाही. उलट, १६७७ मध्ये या भागातून गेलेल्या होसे देल्गादो या डोमिनिकन धर्मोपदेशकाने नद्यांची जी नावे टिपली, त्यांत ‘बालिस’ हे नाव आहे. हे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माया लोकांच्या भाषेतून आले असण्याची शक्यता अधिक मानली जाते.

तिसरी चूक अधिक नाजूक आहे, कारण ती राष्ट्रीय सुट्टीशी जोडलेली आहे. १० सप्टेंबर १७९८ रोजी सेंट जॉर्जेस की या बेटाजवळ (इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘केये’ लिहू नये, उच्चार ‘की’ असाच आहे) युकातानचा गव्हर्नर आर्तुरो ओ’नील याच्या आरमाराला बेमेन आणि ‘मर्लिन’ या ब्रिटिश युद्धनौकेने परतवून लावले. मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून लढले आणि त्या दिवशी बेलीझ ब्रिटिशांचे झाले, असे जे लिहिले जाते, त्यातील दोन्ही दावे सैल आहेत. लढाईने स्पॅनिशांच्या स्वाऱ्या थांबल्या. पण वर उल्लेखलेला १८१७ चा कायदा तिच्यानंतर एकोणीस वर्षांनी झालेला आहे. गुलाम लढले हे खरे, परंतु ज्याला नकार देण्याची सोय नाही त्याच्या सहभागाला निष्ठा म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय मालकांमध्येही एकमत नव्हते: जून १७९७ च्या सार्वजनिक सभेत राहून लढावे की निघून जावे, यावर ६५ विरुद्ध ५१ असे मतदान झाले होते.

याच कथेतून चौथी चूक जन्मते. येथे उसाचे मळे नव्हते, गुलामांच्या लहान टोळ्या जंगलात कुऱ्हाडी घेऊन फिरत, म्हणून येथील गुलामगिरी ‘सौम्य’ होती, असे विधान केले जाते. कामाचे स्वरूप वेगळे होते, हे मान्य. महोगनी शोधणारा माणूस वेगळा, तोडणारे वेगळे, आणि ओंडके बैलांनी ओढून नदीपर्यंत नेणारे वेगळे. तरीही १७६५, १७६८, १७७३ आणि १८२० मध्ये उठाव झाले, आणि सीमा ओलांडून स्पॅनिश प्रदेशात पळून जाणाऱ्यांचा ओघ थांबत नव्हता. सौम्य व्यवस्थेतून माणसे अशी जिवावर उदार होऊन पळत नाहीत. मालकांच्या समानतेच्या कल्पना पाहायच्या असतील, तर सुपरिंटेंडंट एडवर्ड मार्कस डेस्पार्डचे प्रकरण पाहावे. १७८७ मध्ये मॉस्किटो किनाऱ्यावरून (आजच्या निकाराग्वा आणि होंडुरासचा कॅरिबियन किनारा) २,२१४ लोक येथे आले, त्यांतील बहुसंख्य गुलाम होते. त्यांच्यातील स्वतंत्र माणसांना डेस्पार्डने वर्ण न पाहता चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, तेव्हा जुन्या बेमेननी लंडनकडे तक्रारींचा धोशा लावला आणि १७९० मध्ये त्याला परत बोलावण्यात आले.

‘निर्जन जंगलात इंग्रज आले’ हे वाक्यही काढून टाकावे. तिपू आणि लामानाई येथे माया लोकांची गावे होती. १६३८ मध्ये तिपूने स्पॅनिशांविरुद्ध बंड केले होते. एकोणिसाव्या शतकात महोगनीसाठी इंग्रज आत सरकले तेव्हा पुन्हा संघर्ष झाला आणि मार्कोस कानुल हा माया नेता १८७२ मध्ये ऑरेंज वॉकवरील हल्ल्यात प्राणघातक जखमी झाला.

भाषांतरातील एक किरकोळ पण हमखास होणारी चूक: लॉगवुड म्हणजे ‘ओंडके’ नव्हेत. ती रंग देणाऱ्या एका झाडाची जात आहे. प्रयोगशाळेत ऊतींच्या काचपट्ट्या रंगवायला वापरले जाणारे हेमॅटॉक्सिलिन तिच्यापासूनच मिळते. तसेच होंडुरास हा शेजारचा वेगळा देश आहे आणि तो स्पेनच्या ताब्यात होता, हे विसरू नये.

शेवटची चूक ३० एप्रिल १८५९ च्या कराराबाबत होते. ब्रिटन आणि बेलीझच्या भूभागावर दावा सांगणारा शेजारी देश ग्वातेमाला यांच्यातील या कराराने सीमा ठरली, दक्षिणेला सार्स्तून नदीपर्यंत. ब्रिटनच्या मते तो केवळ सीमा निश्चित करणारा करार होता. ग्वातेमालाच्या मते तो भूभाग सोडून देण्याचा करार होता आणि सातव्या अनुच्छेदातील, ग्वातेमालाच्या राजधानीपासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंतचा रस्ता बांधण्यासाठीचे सहकार्य हा त्याचा मोबदला होता. रस्ता झाला नाही. त्याऐवजी ५०,००० पौंड देण्याचा १८६३ चा पूरक करारही ग्वातेमालाने वेळेत मंजूर न केल्याने बारगळला. ‘ग्वातेमालाचा दावा निराधार’ किंवा ‘ब्रिटनने जमीन बळकावली’ यांपैकी एकच वाक्य लिहिणे म्हणजे एका पक्षकाराची कैफियत निकाल म्हणून छापणे होय. ग्वातेमालात २०१८ मध्ये आणि बेलीझमध्ये २०१९ मध्ये सार्वमत घेऊन दोन्ही देशांनी हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला आहे, तेव्हा या भागावर लिहिताना न्यायालयातील ताजी स्थिती तपासूनच क्रियापदाचा काळ ठरवावा.