पाणी कधी द्यायचे आणि किती? पिकाच्या गरजेवरून सिंचनाचे नियोजन

ठरावीक दिवसांनी पाणी सोडायचे, ही सवय बहुतेक बागायतदारांना असते. दिवस मोजणे सोपे, म्हणून ती टिकली. पण कोवळ्या रोपाची तहान आणि फळांनी लगडलेल्या झाडाची तहान सारखी नसते. ढगाळ आठवडा आणि कोरड्या वाऱ्याचा आठवडाही सारखा नसतो. तेच वेळापत्रक मग कधी पिकाला ताण देते, कधी पाण्याबरोबर खतही मुळांच्या खाली घेऊन जाते. यातून सुटण्यासाठी दोनच आकडे लागतात: पिकाचा रोजचा पाण्याचा खर्च, आणि मुळांभोवतीच्या मातीत मावणारे पाणी. खाली टोमॅटोचे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. आपल्या पिकाचे आकडे त्याच्या जागी घालत वाचा.

आधी मापाचे एक सूत्र पक्के करू. पाणी पावसासारखे मिलिमीटरमध्ये मोजायचे. १ मि.मी. पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, एका हेक्टरवर १०,००० लिटर म्हणजेच १० घनमीटर. पाऊस, बाष्पीभवन आणि सिंचन तिन्ही एकाच मापात आले की बेरीज-वजाबाकी आपोआप जुळते.

पहिली पायरी: रोजचा खर्च काढा

शेतातून पाणी दोन वाटांनी हवेत जाते. काही ओल्या मातीवरून उडते, काही पानांतून बाहेर पडते. दोन्ही मिळून होते ते बाष्पपर्णोत्सर्जन. हवामानाचा वाटा वेगळा आणि पिकाचा वाटा वेगळा मोजता यावा म्हणून एक आदर्श गवत कल्पिले आहे: १२ सें.मी. उंच, एकसारखे दाट, पाण्याची कमतरता नसलेले. त्यातून दिवसाला जेवढे पाणी उडेल ते ‘संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन’. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली यासाठी पेनमन-माँटीथ पद्धत प्रमाण म्हणून मांडली. तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन हे चार घटक तिच्यात येतात. कोरड्या उष्ण प्रदेशात, सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास असताना हा आकडा रोज ४ ते ६ मि.मी. असतो, ३० अंशांच्या वर गेला की ६ ते ८.

जवळच्या हवामान केंद्राचा आकडा मिळाला तर उत्तम. नसेल तर बाष्पीभवन पात्र, म्हणजे पाण्याने भरलेले उघडे पसरट भांडे, उपयोगी पडते. पात्रातले पाणी दिवसाकाठी किती मि.मी. उतरले ते पाहायचे आणि साधारण ०.७ ने गुणायचे, कारण उघडे पाणी गवतापेक्षा जास्त उडते. पात्रात ७ मि.मी. घट झाली तर संदर्भ आकडा ४.९, म्हणजे ५ धरू. कोरड्या, वाऱ्याच्या जागी ०.७ पेक्षा लहान गुणक लागतो.

आता पिकाचा वाटा. प्रत्येक पिकाचा ‘पीक गुणांक’ असतो आणि तो वयाप्रमाणे बदलतो. टोमॅटोचा सुरुवातीला ०.६, झाडे पूर्ण वाढून फळे धरली की १.१५, शेवटी ०.७ ते ०.९. मक्याचा भर काळात १.२ पर्यंत जातो, कांद्याचा १.०५. संदर्भ आकडा गुणिले पीक गुणांक, एवढेच गणित. लावणीनंतर टोमॅटोला ५ × ०.६ = ३ मि.मी. लागतात, फळधारणेत ५ × १.१५ = ५.७५ मि.मी. शेत तेच, ऊन तेच, तरी गरज जवळजवळ दुप्पट झाली.

दुसरी पायरी: मातीची साठवण मोजा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त पाणी इथेच वाया जाते. आपण पाणी पिकाला देतो असे म्हणतो खरे, पण देतो मातीला. पीक ते मातीतून हळूहळू उचलते. मातीत मावणार नाही एवढे दिले तर उरलेले खाली जाते.

भरपूर पाणी देऊन जादा पाण्याचा निचरा झाल्यावर मातीत जो ओलावा टिकतो, ती वरची हद्द. झाड कायमचे सुकते ती खालची. दोहोंमधला तो उपलब्ध ओलावा. एक मीटर खोलीत रेताड माती ५० ते ११० मि.मी. धरते, पोयटा (वाळू, गाळ आणि चिकण मातीचे मिश्रण) १३० ते १८०, भारी चिकण माती १२० ते २००. भारी जमिनीचे वरचे टोक पोयट्यापेक्षा थोडेच जास्त आहे, कारण तिच्यातले बरेच पाणी कणांना इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते ओढता येत नाही.

पण मुळे मीटरभर खोल असतातच असे नाही. फावड्याने उभा काप घेऊन बघा, बहुसंख्य मुळे कुठवर आहेत. शिवाय उपलब्ध ओलावा पूर्ण संपेपर्यंत थांबायचे नसते. टोमॅटोसाठी त्यातला सुमारे ४० टक्के संपला की पाणी द्यावे, कांद्यासाठी ३०, गव्हासाठी ५५, कपाशीसाठी ६५. कांद्याची मुळे उथळ आणि पीक ताणाला नाजूक. त्यामुळे त्याला थोडे थोडे पण वरचेवर पाणी लागते.

आपला टोमॅटो पोयट्यात आहे, मुळे ६० सें.मी. खोल. मातीची धारणा मीटरला १५० मि.मी. धरली तर मुळांच्या थरात ९० मि.मी. मावतात. त्याचे ४० टक्के म्हणजे ३६ मि.मी. एवढे संपले की पाणी द्यायची पाळी आली.

तिसरी पायरी: दिवस आणि मात्रा ठरवा

३६ भागिले ५.७५ म्हणजे सहा दिवसांना थोडे वर. सहाव्या दिवशी पाणी द्यायचे. तोवर ३४.५ मि.मी. खर्च झालेले असतात, तेवढेच भरून काढायचे.

शेतात पोहोचताना पाणी गळते, सरीच्या तोंडाशी जास्त मुरते, शेवटाला कमी. म्हणून सरी-वरंब्याला कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्यापैकी मुळांना मिळणारे पाणी, ६० टक्के, तुषारला ७५, ठिबकला ९० टक्के धरतात. सरीने द्यायचे तर ३४.५ भागिले ०.६ म्हणजे ५७.५ मि.मी., एका हेक्टरला ५७५ घनमीटर.

पंप किती वेळ चालवायचा? २०० लिटरचा पिंप भरायला लागणारे सेकंद मोजा. २५ सेकंदांत भरला तर प्रवाह सेकंदाला ८ लिटर, तासाला २८.८ घनमीटर. हेक्टरभर भिजवायला सुमारे २० तास लागतील.

ठिबकवर रोजची गरज रोज देता येते: ५.७५ भागिले ०.९ म्हणजे ६.४ मि.मी. झाडांतले अंतर १.५ × ०.५ मीटर असेल तर एका झाडाचे क्षेत्र ०.७५ चौरस मीटर, म्हणून झाडाला रोज ४.८ लिटर. तासाला ४ लिटर देणारा एक ड्रिपर असेल तर ७२ मिनिटे.

आता लावणीनंतरचे दिवस बघा. मुळे २५ सें.मी., म्हणून त्या थरात ३७.५ मि.मी. मावतात आणि वापरायचे १५. रोज ३ मि.मी. खर्च होतो, म्हणजे पाळी पाच दिवसांनी. दिवसांत फारसा फरक नाही, पण मात्रा १५ भागिले ०.६, म्हणजे फक्त २५ मि.मी. इथे फळधारणेच्या काळातले ५७.५ मि.मी. दिले तर निम्म्याहून जास्त पाणी मुळांच्या आवाक्याबाहेर जाते. सरीने इतके कमी पाणी सारखे पसरवणे अवघड असते. सऱ्यांची लांबी कमी करणे किंवा एक आड एक सरी भिजवणे, हे त्यावरचे उपाय.

चौथी पायरी: लावणीआधी क्षेत्र ठरवा

खरे तर हे गणित आधी, बी घेण्यापूर्वी करायला हवे. हंगामातला सर्वांत तहानलेला पंधरवडा धरा. आपल्या उदाहरणात तेव्हा हेक्टरला सरीने रोज सुमारे ९६ घनमीटर लागतात, ठिबकने ६४. स्रोतातून रोज १०० घनमीटर मिळत असतील तर सरीवर जेमतेम एक हेक्टर निभेल, ठिबकवर दीड. स्रोत ज्या महिन्यात सर्वांत आटतो त्या महिन्याचा उपसा धरा, पावसाळ्याच्या शेवटचा नको. त्याहून जास्त क्षेत्र लावले की फुलोऱ्यातच पाणी कमी पडते, आणि तोवर बी, खत, मजुरी सगळे खर्च होऊन गेलेले असतात.

पाणी मर्यादितच असेल तर ताण कुठे सोसवतो आणि कुठे नाही, हे माहीत असावे. गव्हाला पेरणीनंतर २१ दिवसांच्या आसपास, मुकुटमुळे (बुंध्याशी येणारी मुळे) फुटताना, पाणी चुकवू नये. मक्याला तुरा आणि कणसाचे केस येताना, भुईमुगाला आऱ्या (शेंगा धरणारे देठ) जमिनीत जाताना, कपाशीला फुले आणि बोंडे धरताना.

पाचवी पायरी: रोजची नोंद

वहीत चार रकाने आखा: तारीख, खर्च, पाऊस, तूट. पाणी दिल्यावर तूट शून्य. रोज खर्च मिळवायचा, पाऊस वजा करायचा. तीन दिवसांनी तूट १७.२५ झाली आणि १२ मि.मी. पाऊस आला तर ती ५.२५ वर उतरते. पाळी दोन दिवस पुढे जाते. त्याच दिवशी ४० मि.मी. आला तरी वजा करायचे १७.२५च, कारण जमिनीत तेवढीच जागा होती. एखाद्या मिलिमीटरची भुरभुर मोजू नका, ती पानांवरूनच उडून जाते.

आठवड्यातून एकदा गिरमिटाने मुळांच्या खोलीची माती काढून मुठीत दाबा. पोयट्याचा गोळा होऊन तो बोटाने दाबल्यावर सहज फुटला तर ओल कमी होत आली आहे. गोळाच झाला नाही तर उशीर झाला. वही एक सांगते आणि माती दुसरे, असे झाले तर मातीचे खरे धरा आणि पीक गुणांक किंवा मुळांची खोली तपासा. आच्छादन घातलेल्या शेतात वही नेहमी जास्त खर्च दाखवेल, कारण झाकलेल्या मातीवरून पाणी कमी उडते.

पीक पिकायला लागले की गुणांक उतरतो, पाळ्या लांबतात. शेवटची पाळी पिकाप्रमाणे ठरवावी लागते. कांद्याचे पाणी काढणीच्या दोन ते तीन आठवडे आधी तोडतात, नाहीतर तो साठवणीत टिकत नाही. भुईमुगाचे उलट आहे: जमीन घट्ट झाली असेल तर काढणीआधी हलकी पाळी द्यावी, म्हणजे शेंगा मातीत तुटून राहत नाहीत.