मधुमेहात कोलेस्टेरॉलसाठी सोयाबीन: किती, कोणत्या रूपात, कशाच्या जागी

मधुमेह असलेल्यांचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) बहुतेक वेळा सारख्याच वळणाचा येतो. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) उतरलेलं आणि एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) वरवर बरं. त्या बऱ्या दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. मधुमेहात एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात, त्यामुळे आकडा तेवढाच असला तरी कणांची संख्या जास्त असू शकते. सोयाबीनमधलं प्रथिन मुख्यतः या एलडीएलवर काम करतं. ट्रायग्लिसराइडवर त्याचा परिणाम थोडा, एचडीएलवर जवळजवळ नाहीच.

आधी अपेक्षा नीट ठरवू. १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात रोज सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिनाने एलडीएल सुमारे १३ टक्के उतरलेलं दिसलं, आणि तिथून सोयाचं नाव झालं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनाने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो हा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. पुढच्या प्रयोगांत मात्र एवढा परिणाम सातत्याने दिसेना, म्हणून २०१७ मध्ये त्याच संस्थेने तो दावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. आज धरून चालण्याजोगा आकडा ३ ते ४ टक्के आहे. म्हणजे एलडीएल १३० असेल तर चार-पाच अंक. डेन्मार्कमध्ये टाइप २ मधुमेहाच्या २० जणांवर झालेल्या प्रयोगात (२००१) सहा आठवड्यांत सुमारे १० टक्के घट दिसली, पण तिथे रोज ५० ग्रॅम प्रथिनासोबत २० ग्रॅम सोयाचा चोथाही होता. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची नेहमीची मात्रा एलडीएल ३० टक्क्यांहून जास्त खाली आणते. म्हणून सोया सुरू केलं म्हणून गोळी बंद करू नका.

मग खायचं कशाला? कारण सोयाचा मोठा फायदा ते ताटात कुणाची जागा घेतं यात आहे. मटण, फुल फॅट दुधाचं पनीर, सॉसेज यांच्या जागी सोया आलं की त्यांतली संतृप्त चरबी ताटातून जाते, आणि एलडीएल त्यानेही उतरतं. नेहमीचं जेवण तसंच ठेवून वर वाटीभर सोयाची भाजी खाल्ली तर फक्त कॅलरी वाढतात.

कोणत्या रूपात किती

वाटी-चमच्याचा अंदाज इथे फार फसवतो, म्हणून पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरातला काटा वापरा. सगळी वजनं कोरडी, भिजवण्याआधीची धरा.

सोयावडी (चंक्स) किंवा सोया ग्रॅन्युल्स १०० ग्रॅममध्ये सुमारे ५२ ग्रॅम प्रथिन असतं आणि चरबी नगण्य, कारण तेल काढून उरलेल्या पेंडीच्या पिठापासून ती बनते. अख्ख्या दाण्यात ३६ ते ४० ग्रॅम प्रथिन, पण तेलही २० ग्रॅमच्या आसपास. बिनसाखरेच्या २०० मिली सोया दुधात ६ ग्रॅम. टोफूचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं, पाकिटावर वाचा.

रोजच्या २५ ग्रॅमची सोपी जुळणी अशी: सकाळी २०० मिली सोया दूध आणि एका जेवणात ४० ग्रॅम कोरड्या सोयावड्या. झालं.

सोयाबीन तेलात प्रथिन नसतं. सोया सॉस म्हणजे मुख्यतः मीठ. सोया स्टिक तळलेलं फरसाण आहे, आणि हॉटेलातल्या सोया चापमध्ये मैदा भरपूर असतो. यांतलं काहीही हिशेबात धरू नका.

दळणात सोयाबीन मिसळणाऱ्यांची इथेच फसगत होते. ९ किलो गव्हाला १ किलो सोयाबीन हे प्रमाण चवीला बरं आहे, पण तीन पोळ्यांच्या ९० ग्रॅम पिठात सोयाबीन येतं ९ ग्रॅम, म्हणजे प्रथिन जेमतेम साडेतीन ग्रॅम. पोळी पौष्टिक होते, कोलेस्टेरॉलसाठीची मात्रा भरत नाही. दळायचंच असेल तर सोयाबीन आधी मंद आचेवर नीट भाजून घ्या आणि पंधरा दिवसांपुरतंच दळा, कारण त्यातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं.

सोयावडी बिघडते कुठे

वड्या न आवडण्याचं कारण बहुतेक वेळा त्या नीट न पिळणं हे असतं. ४० ग्रॅम वड्यांना अर्धा लिटर पाणी चिमूटभर मीठ घालून उकळा, वड्या टाकून ५ ते ७ मिनिटं शिजू द्या. पाणी ओतून द्या. गार पाण्यात घालून घट्ट पिळा, पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. उग्र वास या पाण्याबरोबर जातो. न पिळलेली वडी रस्सा शोषत नाही, उलट स्वतःचं पाणी सोडून तो पांचट करते. ग्रॅन्युल्सना उकळायची गरज नाही, कडकडीत पाण्यात १० मिनिटं पुरतात. ती बारीक असल्याने फडक्यात घालून पिळा.

पिळलेली वडी स्पंजासारखी असते, तेलात परतली की तेल पिते. आधी कांदा-टोमॅटो-वाटण माणशी एक चमचा तेलात शिजवून घ्या, वडी रस्सा उकळताना टाका.

अख्खे दाणे आणि दूध

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारा घटक असतो, तो नीट उष्णता दिल्यावरच निकामी होतो. म्हणून अर्धवट शिजलेलं सोयाबीन पोटात गुरगुरतं. दाणे ८ ते १० तास भिजवा. मे महिन्यात फ्रिजमध्ये भिजवा, नाहीतर आंबतात. भिजवलेलं पाणी फेका. कुकर अर्ध्याहून कमी भरा आणि अर्धा चमचा तेल घाला, कारण फेस आणि सुटलेली सालं शिट्टीत अडकतात. शिट्टीनंतर मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे.

मराठवाडा-विदर्भात घरचं सोयाबीन असतं, ते उत्तम. पण पेरणीतून उरलेलं बीजप्रक्रिया केलेलं बियाणं कधीही खाऊ नका. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

दुधासाठी १०० ग्रॅम दाणे भिजवून सालं चोळून काढा, उकळत्या पाण्यात वाटा आणि एकूण एक लिटरपर्यंत नेऊन गाळा. गरम पाण्यात वाटल्याने वास कमी येतो. तापवताना ते उकळीच्या आधीच फेसाळून वर येतं. बरेच जण तिथेच गॅस बंद करतात, ती उकळी खोटी असते. ढवळत राहून पुढे १५ मिनिटं खरी उकळी द्या. उरलेला चोथा थालीपिठात घाला, त्यात चांगलं फायबर आहे.

आणखी काय जोडावं

२००३ साली टोरांटोत सोया प्रथिन, ओट्स-जव-इसबगोलासारखं चिकट फायबर, बदाम आणि वनस्पती-स्टेरॉल (कोलेस्टेरॉलचं शोषण कमी करणारे वनस्पतींतले घटक) एकत्र दिले, तेव्हा महिन्याभरात एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं. ते लोक मधुमेही नव्हते आणि जेवण काटेकोर मोजलेलं होतं, पण त्या यादीत भेंडी आणि वांगंही होतं. दोन्ही आपल्या घरात आहेतच. एकट्या सोयाकडून चमत्काराची वाट बघण्यापेक्षा ही जोडी बांधा.

ट्रायग्लिसराइड २०० च्या वर असेल तर सोयाआधी साखर, मैदा, भाताचं प्रमाण आणि दारू यांकडे बघा.

सावधगिरी आणि तपासणी

सुरुवात १५ ग्रॅम वड्यांनी करा आणि दोन आठवड्यांत ४० वर या, नाहीतर गॅस होतो. सोयासाठी भाकरी कमी करणार असाल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर साखर उतरू शकते, म्हणून पहिला आठवडा जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. थायरॉइडची गोळी आणि सोया यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा, सोया तिचं शोषण कमी करतं. सकाळच्या गोळीमुळे दूध संध्याकाळी न्यावं लागेल. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल (दोन्ही मूत्रपिंडावर ताण असल्याच्या खुणा) तर प्रथिन किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अशा वेळी साधारण वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसभरात ४८ ग्रॅम, सगळ्या पदार्थांचं मिळून.

सुरू करण्याआधी एक लिपिड प्रोफाइल, मग १० ते १२ आठवड्यांनी दुसरा, त्याच लॅबमध्ये, तेवढ्याच तासांच्या उपाशीपोटी. मधल्या काळात औषधाची मात्रा बदलली तर घट कशामुळे झाली ते कळणार नाही. एलडीएल काही न बदलताही पाच-दहा टक्के वरखाली होतं, म्हणून एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडाही लिहून ठेवा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की थेट न मोजता सूत्राने काढलेलं एलडीएल चुकतं, तेव्हा हा आकडा जास्त भरवशाचा असतो.