जुनी जपानी ‘कॉपी’ गिटार: दुरुस्ती आणि विक्री कशी करावी

१९७० च्या दशकात जपानमधील कारखान्यांनी गिब्सन आणि फेंडर या अमेरिकी कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या नकला फार मोठ्या प्रमाणावर तयार केल्या. मात्सुमोतो परिसरातील मात्सुमोकू आणि फुजिगेन, हामामात्सु येथील तोकाई हे त्यांतले प्रमुख कारखाने होते. गिटारवर जे नाव दिसते, मग ते आयबानेझ असो, ग्रेको असो वा आरिया, ते पुष्कळदा विकणाऱ्या व्यापारी कंपनीचे असते आणि गिटार घडवणारा कारखाना वेगळा असतो. त्यामुळेच दोन वेगळ्या नावांच्या गिटार उघडल्या तर आत एकाच हाताचे काम आढळू शकते.

अशी गिटार जुन्या सामानात सापडली की ती ‘मूळ’ गिटारसारखी दिसावी म्हणून तिचे भाग बदलण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे ठाम मत आहे. आज या गिटारला ग्राहक मिळतो तो ती त्या काळच्या जपानी कारखान्यातून आली म्हणून. तेव्हा तिला वाजती करावे, पण ती कुठून आली हे सांगणाऱ्या खुणा पुसू नयेत.

आधी ओळख पटवावी

एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी गिटारची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. हेडस्टॉकची (तारा आवळायच्या खुंट्या असतात त्या टोकाची) पुढची आणि मागची बाजू, नेक (गिटारचा लांब दांडा) जोडलेल्या जागेची धातूची पट्टी, ब्रिज (शरीरावर तारा टेकतात तो भाग), नॉब आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. जोडणीच्या वेळी ती उपयोगी पडतात आणि विक्रीच्या वेळी गिटारची मूळ स्थिती दाखवण्यासाठी पुरावा म्हणून कामी येतात.

नेकच्या पट्टीवर ‘स्टील ॲडजस्टेबल नेक’ अशी अक्षरे असतील, तर गिटार मात्सुमोकूची असण्याची शक्यता तपासावी. मात्र केवळ एका पट्टीवरून निर्णय घेऊ नये, कारण पट्टी बदलता येते. १९७५ नंतरच्या अनेक आयबानेझ गिटारवर एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे आकडे असा क्रमांक असतो. त्यात अक्षर महिना दाखवते आणि पहिले दोन आकडे वर्ष दाखवतात, म्हणजे ‘एफ’ आणि त्यापुढे ७६ असेल तर जून १९७६. त्याआधीच्या बहुतेक गिटारवर क्रमांकच नसतो. तिथे नेक उतरवून खाचेतले शिक्के, पेन्सिलच्या खुणा आणि पिकअपच्या (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या चुंबकी भागाच्या) खालचे छाप पाहावे लागतात.

गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलच्या आकाराच्या अनेक नकलांमध्ये नेक चिकटवलेला नसून चार स्क्रूंनी बसवलेला असतो, शरीर प्लायवूडचे असते आणि वरचा उंचवटा दाबून वाकवलेल्या पातळ लाकडाचा असून त्याखाली पोकळी असते. हंबकरसारख्या (दोन कॉइलच्या पिकअपसारख्या) दिसणाऱ्या कव्हराखाली कित्येकदा एकच कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, निघते. यामुळे निराश होण्याचे कारण नाही, कारण या गिटारचा विशिष्ट आवाज याच रचनेतून येतो. विक्रीच्या वर्णनात मात्र हे स्पष्ट लिहावे लागते, म्हणून आताच नोंदवून ठेवावे.

स्क्रूंची गोष्ट

याला वेगळा मथळा देण्याइतके महत्त्व आहे. या गिटारचे फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. काहींच्या माथ्यावर एक बारीक ठिपकाही असतो. आपल्याकडे सर्रास असतो तो फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावताच वर सरकतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. माझ्या पहिल्या गिटारच्या पिकअपच्या चौकटीचे दोन स्क्रू मी असेच गमावले. तेव्हापासून जपानी मानकाच्या टोकाचा ड्रायव्हर हाताशी असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

घट्ट बसलेला स्क्रू हलत नसेल तर त्याच्या माथ्यावर सोल्डरिंगच्या आयर्नचे तापलेले टोक काही सेकंद टेकवावे. लाकडातले वाळलेले लॅकर (चकचकीत लेप) सैल होते आणि स्क्रू सुटतो. परत बसवताना स्क्रू आधी उलट दिशेला हळूहळू फिरवावा. एका क्षणी तो किंचित खाली उतरल्याचे बोटाला जाणवते. तिथे जुना आटा सापडलेला असतो, तिथूनच आवळायला सुरुवात करावी. असे केले नाही तर प्रत्येक वेळी लाकडात नवा आटा पडतो आणि भोक मोठे होत जाते. भोक आधीच सैल झाले असेल तर लाकडी काडीला गोंद लावून ती भोकात बसवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग स्क्रू लावावा. काढलेले स्क्रू जागेनुसार वेगळ्या पुड्यांत ठेवावेत. ते मेट्रिक मापाचे असतात आणि इंच मापाचे सुटे भाग त्यांच्या जागी नीट बसत नाहीत. पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागाच्या) दांड्यावरचे दातेही अमेरिकी पॉटपेक्षा वेगळे असतात, म्हणून बाहेरून आणलेला नॉब दाबून बसवला तर फुटतो.

सफाई

त्या काळच्या जपानी गिटारवर बहुधा जाड पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो. किंचित ओल्या मऊ फडक्याने, आणि चिकट डाग असेल तर लायटरमध्ये वापरतात त्या नॅफ्थाने तो पुसता येतो. नॅफ्था ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ आयर्न तापत नसावी. हा थर खरवडून गिटार पुन्हा रंगवू नये. पिवळसर पडलेली छटा, बारीक भेगा, खरचटे हे वयाचे पुरावे आहेत. नवा रंग चढवला की किंमत घटते आणि संशय वाढतो.

फ्रेट काळवंडलेले असतात. ते चारशून्याच्या (०००० क्रमांकाच्या) बारीक स्टील वुलने पुसण्यापूर्वी पिकअपवर मास्किंग टेप घट्ट चिकटवावी, नाहीतर लोखंडाचे तंतू चुंबकाला चिकटतात आणि नंतर निघता निघत नाहीत. रोझवुडचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) कोरडा दिसत असेल तर थोडे लेमन ऑइल लावून पंधरा मिनिटांनी पुसून घ्यावे. लॅकर केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेलाची गरज नसते.

विद्युत भाग

बहुतेक तक्रारी इथेच निघतात आणि सुदैवाने बहुतेक स्वस्तात सुटतात. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या मागच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून दांडा वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅकची (केबल खोचायच्या भोकाची) जीभ सैल झालेली असते. ती किंचित आत वाकवून पाहावी.

पिकअप मुका असेल तर त्याच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावून रोध मोजावा. चांगल्या हंबकरचा रोध बहुधा सात-आठ किलोओहमच्या आसपास असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइलमध्ये किंवा तिच्या बाहेर येणाऱ्या तारेत तुटका भाग आहे. टोकाची तार तुटली असेल तर जोडता येते. आतली कॉइल तुटली असेल तर ती पुन्हा गुंडाळून घ्यावी, पण जुना पिकअप फेकू नये. सोल्डरिंगसाठी रोझिन (राळ) भरलेलीच सोल्डरची तार वापरावी. नळकामाच्या आम्लयुक्त फ्लक्सने तारा गंजतात. कामानंतर हात धुवावेत, कारण जुन्या डाखात शिसे असते.

वाजती करणे

ज्या मापाच्या तारा विक्रीच्या वेळी असतील त्याच लावून सेटअप (वाजवण्यासाठीची जुळवणी) करावा, ०.०१० ते ०.०४६ इंचांचा संच सर्वसाधारणपणे योग्य ठरतो. तार पहिल्या आणि नेक शरीराला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतले अंतर पाहावे, ०.२ ते ०.३ मिमी असणे चांगले. अंतर जास्त असेल तर तारा सैल करून ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याचा) नट, त्याच्या समोरून पाहताना, घड्याळाच्या दिशेने पाव फेरी घट्ट करावा. मग तारा सुरात लावून दिवसभर वाट पाहावी आणि पुन्हा मोजावे. रॉड अडतो आहे असे वाटले की थांबावे. तुटलेला ट्रस रॉड बदलण्याचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षाही अधिक होऊ शकतो.

मग ब्रिज लावावा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ ते २ मिमी ठेवावी. नंतर त्याच जागी हार्मोनिक (तारेला हलका स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळवावेत. दाबलेला स्वर वर जात असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्यावा, खाली जात असेल तर पुढे. फ्रेट झिजलेले असतील तर खोल खाचांचे फोटो ग्राहकाला दाखवावेत. फ्रेट घासून समतल करणे शिकलेल्या हाताचे काम आहे आणि धातू एकदा गेला की परत येत नाही.

विक्री

किंमत ठरवताना मागितलेल्या नव्हे, तर प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांच्या किमती पाहाव्यात. तुलना त्याच मॉडेलच्या, त्याच सुमाराच्या आणि तशाच स्थितीच्या गिटारशी करावी. ‘लॉसूट’ (खटल्यातली गिटार) हा शब्द जाहिरातीत सर्रास दिसतो. खरे प्रकरण असे की १९७७ साली गिब्सनची मालक कंपनी नॉरलिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरक एल्गर या कंपनीवर हेडस्टॉकच्या आकारावरून फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तडजोड झाली. इतर जपानी नावे त्यात पक्षकार नव्हती, म्हणून प्रत्येक नकलेला हे विशेषण चिकटवणे चुकीचे आहे. जाणकार ग्राहकाला ते खटकते. हेडस्टॉकवर दुसऱ्या कंपनीचे नाव चिकटवणे ही तर सरळ फसवणूक आहे.

वर्णनात काय मूळ आहे, काय बदलले, काय दुरुस्त केले आणि काय तसेच सोडले हे चार वेगळ्या वाक्यांत लिहावे. गिटारचे वजन, तारांची उंची आणि पिकअपचे मोजलेले रोध द्यावेत. नेकच्या खाचेचे आणि खोल ओरखड्यांचे छायाचित्र अवश्य टाकावे. दुसऱ्या देशात पाठवायची असेल तर लाकडाचा प्रश्न येतो. २०१७ पासून रोझवुडच्या सर्वच जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवुडसाठी ती नाही. फ्रेटबोर्ड कोणत्या लाकडाचा आहे याची खात्री नसेल तर गिटार देशाबाहेर पाठवू नये.

पाठवताना तारा थोड्या सैल कराव्यात, हेडस्टॉकखाली आणि नेकखाली मऊ आधार द्यावा आणि गिटार पेटीच्या आत अजिबात हलणार नाही याची खात्री करावी. वाहतुकीत बहुतेक वेळा हेडस्टॉकच्या मुळाशीच लाकूड तडकते, म्हणून तिथे पोकळी राहू देऊ नये. बदललेला जुना पॉट, तुटका नॉब आणि उरलेले मूळ स्क्रू एका लहान पिशवीत घालून, त्यावर कोणता भाग कुठला ते लिहून, गिटारच्या सोबतच पाठवावेत.