निधीचा अर्ज करताय? सोबतीचा खर्च आधी लिहा

मागच्या खेपेला आमच्या महिला केंद्राला एका कंपनीकडून वर्षभराचा निधी मिळाला. शाळांमधली सत्रं, पथनाट्यं, समुपदेशक ताईंचं मानधन, पत्रकांची छपाई, सगळं बजेटमध्ये मांडलं होतं. अत्याचार झालेल्या मुलीसोबत दवाखान्यात, पोलीस स्टेशनात आणि कोर्टात जायला लागणारे पैसे मात्र कुठेच लिहिले नव्हते. बजेट मी केलं होतं. एका मुलीची आई दोन तारखांना मजुरी बुडवून बेळगावला आली. तिसऱ्या तारखेला आली नाही. घरी गेले तर म्हणाली, "ताई, मुकादम म्हणालाय, आणखी एक खाडा केलास तर येऊ नको." त्या दिवशी आमच्या खात्यात छपाईचे पैसे पडून होते, आणि करारामुळे त्यातला रुपयाही तिच्यासाठी वापरता येत नव्हता.

म्हणून कागदपत्रांच्याही आधी ही ओळ लिहा: सोबतीचा खर्च. "प्रवास व किरकोळ" असं मोघम लिहू नका, पहिली कात्री त्यालाच लागते. सुटं सुटं मांडा. मुलगी, घरचं एक माणूस आणि केंद्राची कार्यकर्ती, अशा तिघांचं भाडं. घरच्या माणसाची बुडालेली मजुरी. दिवसभराचं खाणं, कारण पुकारा सकाळी अकराला होईल की दुपारी चारला, कोणी सांगत नाही. रात्री गाडी करावी लागली तर तिचे पैसे. झेरॉक्स. हे पैसे कार्यकर्तीच्या हातात रोख हवेत. बिल लावून महिन्याने मिळणारे कामाचे नाहीत. प्रत्येक खर्चाचं व्हाउचर करा, त्यावर नावाऐवजी केसचा क्रमांक घाला, नावांची वही कुलपात. आणि सरकारी वकिलांच्या कानावर हे आधीच घाला, नाहीतर उलटतपासणीत "पैसे घेऊन साक्ष दिली" असं त्या आईला ऐकावं लागेल.

निधी देणारे विचारतीलच, कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, मग भाडं कसलं? उत्तर तयार ठेवा. मोफत बसच्या या शक्ती योजनेला कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं, आणि चंदगड-गडहिंग्लजकडून बेळगावात कामाला किंवा कॉलेजला आलेल्या मुलीचं आधार महाराष्ट्राचं असतं. वडील, भाऊ सोबत आले तर त्यांचं तिकीट आहेच. जांबोटीच्या पुढच्या वाड्यांवरून आधी बस मिळेल तिथपर्यंत यायचं असतं. आणि बस फुकट असली म्हणून बुडालेली मजुरी परत येत नाही.

दुसरा प्रश्न, सरकार देत नाही का? देतं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत आठवा नियम आहे: जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती पैशांची शिफारस करू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्याच्या आत ते द्यायचे असतात. हा अर्ज प्रत्येक वेळी कराच. पण तो अठराच्या आतल्यांसाठी, आणि पहिल्या रात्रीची धावपळ शिफारशीच्या आधीच होऊन जाते. मोठ्या बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून नुकसानभरपाई मागता येते, पण उद्याच्या तारखेला ती उपयोगी पडत नाही. सीमेवरच्या आपल्या भागात आणखी एक. घटना हद्दीबाहेरची असली तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर करता येतो, तो नोंदवून घ्यायला लावाच. मात्र पुढच्या खेपा सहसा घटना घडली तिकडच्या कोर्टात. म्हणजे भाडं वाढलं.

मुदतीचं बघा. पॉक्सो कायदा म्हणतो, कोर्टाने दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षभरात खटला संपावा. शक्यतो. निधी ३१ मार्चला संपतो, तारखा त्यानंतरही पडत राहतात. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, नियमांनुसार बहुवर्षीय प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. तसाच मागा. वर्षाचाच देत असतील तर हाती घेतलेल्या केसेसचा सोबतीचा खर्च खटला संपेपर्यंत चालेल, अशी अट करारात घालून घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

कागदपत्रं तुम्हाला माहीत आहेत: संस्थेची नोंदणी, पॅन, आयकराची १२एबी आणि ८०जी नोंदणी, दर्पण पोर्टलवरची नोंदणी, सीएसआर निधीसाठीची सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट. फक्त नावं जुळतात का पाहा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं. जुन्या ट्रस्ट डीडवर एक आणि बँकेत दुसरं असलं की अर्ज अडकतो. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी लागते. नसेल तर तो विषय सोडा.

निधी देणारे फोटो आणि "यशोगाथा" मागतील. द्यायच्या नाहीत, निधी गेला तरी चालेल. भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मुलांसाठी पॉक्सोचं २३ वं कलम. नाव गाळून भागत नाही. आपल्या गावांत "नववीतली मुलगी, वडील गवंडी" एवढं पुरतं. अहवालात आकडेच द्या. उलट, "संपूर्ण गोपनीयता" असंही प्रस्तावात लिहू नका. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, आणि हे तिला ती बोलायला लागण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

भाषा. फिर्याद, जबाब, दोषारोपपत्र कन्नडमध्ये, आणि सही करणारी आई निपाणीत विड्या वळणारी, मराठीच जाणणारी. मुलीला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यावा असं कायदाच सांगतो. तो मागा, तरी केंद्राच्या दुभाष्याचं मानधन वेगळं मांडा. गावातला शेजारी दुभाषी म्हणून नेऊ नका. राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे जाणारा प्रस्ताव कन्नडमध्येच करून घ्या.

उपचार सरकारी-खासगी सगळ्या रुग्णालयांनी मोफत करायचे आहेत, ते मांडू नका. लांबणारं समुपदेशन मांडा. उद्यमबागेतल्या दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, त्यांची प्रशिक्षणं घ्या. ते मानधन कुठल्या कराराला बांधलेलं नसतं, सोबतीला वापरता येतं. पत्रकावर मदतीचे क्रमांक: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. ऑडिटरची फी. सह्या, शिक्का, ठराव.

पाकीट बंद करण्याआधी बजेटचं पान पुन्हा काढा. सोबतीचा खर्च आहे? तिघांचा? मजुरीसकट? खटला संपेपर्यंतचा? नसेल तर आज पाठवू नका.